नीम कोटेड युरिया, ४५ किलोची थैली: नेपिअरला टाकून पाहिला, चाऱ्यात खरंच काय बदलतं ते सांगतो

युरियाचा रिव्ह्यू कोण लिहितं म्हणाल, पण भाऊ, आपल्याकडे मोबाइलच्या कव्हरचे रिव्ह्यू पन्नास सापडतात आणि ज्या थैलीवर आपला गोठा चालतो तिच्याबद्दल "एक नंबर, हिरवागार झाला" याच्यापुढे कोणी बोलत नाही. हिरवागार तर होतोच, त्यात वाद नाही. पण गाय रंग खात नाही ना, तिच्या पोटात काय जातं ते महत्त्वाचं. म्हणून वाढीबद्दल थोडं आणि चाऱ्याच्या आतल्या मालाबद्दल जास्त लिहितो. माझा गोठा हिंगण्याच्या बाजूला, वावर काळ्या मातीचं, हायब्रीड नेपिअर (चाऱ्याचं उंच गवत) लावलेलं, दूध नागपुरात घरोघरी जातं आणि उरलेलं डेअरीला. शिक्षण ॲग्रीचं आहे त्यामुळे लॅबचा रिपोर्ट वाचता येतो एवढंच.

आधी रेटिंग देऊन टाकतो, पाचपैकी साडेतीन. चारा किती निघतो याला पाचपैकी पाच. चाऱ्याचा कस म्हणाल तर तो थैलीपेक्षा तुमच्या कापणीच्या तारखेवर आहे, तिथे दीड स्टार कापला.

थैलीबद्दल सांगायचं तर २६६ रुपये ५० पैसे, ४५ किलो, नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के, म्हणजे एका थैलीत २० किलो ७०० ग्रॅम शुद्ध नत्र. एवढ्या पैशात एवढं नत्र दुसऱ्या कशातच नाही, ही गोष्ट मान्य करावीच लागते. २०२२ पासून सगळ्या कंपन्यांच्या थैलीवर मोठ्या अक्षरात "भारत" छापून येतं, कंपनीचं नाव बारीक, म्हणून कोणती कंपनी चांगली हा प्रश्न मला विचारू नका, आतला माल सारखाच. दाणे पांढरेशुभ्र नसतात, थोडी मळकट झाक आणि निंबोळीच्या तेलाचा वास असतो, तो नसेल तर शंका घ्या कारण २०१५ पासून सगळाच युरिया नीम कोटेड करायचा नियम आहे. पावसाळ्यात थैली उघडी राहिली की ढेकळं होतात, ती फोडून टाका नाहीतर जिथे ढेकूळ पडलं तिथलं ठोंब जळतं. अंगठा लावून मशीनवर पावती निघते, त्यात त्रास नाही. त्रास हा की सीझनमध्ये काही दुकानदार युरियासोबत दुसरं काहीतरी घ्याच म्हणतात, लिंकिंग. मला एका ठिकाणी नको असलेली बाटली गळ्यात मारायचा प्रयत्न झाला, मी पावतीवर दोन्हीची नोंद मागितली तर नुसता युरिया मिळाला. अर्धा स्टार तर मी यालाच कापला असता पण तो थैलीचा दोष नाही, म्हणून नाही कापला.

आता डोस. नेपिअरला दर कापणीनंतर हेक्टरी २५ किलो नत्र अशी शिफारस चालते, म्हणजे एकरी १० किलो, म्हणजे साधारण २२ किलो युरिया, अर्धी थैली. लक्षात ठेवायला सोपं, एक कापणी एक एकर अर्धी थैली. आपल्याकडे मात्र थैली फोडली की पूर्ण टाकून मोकळं व्हायची सवय आहे, आणि खरी गडबड तिथूनच सुरू होते.

टाकायची पद्धत पण सांगून ठेवतो कारण निम्मा पैसा इथेच उडतो, अक्षरशः उडतो. आपली काळी माती अल्कलीकडे झुकलेली, त्यावर युरिया पडला की मातीतलं युरिएझ एन्झाइम त्याचा अमोनिया करतं आणि वर पाणी नसेल, ऊन नागपूरचं असेल तर तो अमोनिया हवेत जातो. मे महिन्यात ओल्या जमिनीवर संध्याकाळी युरिया फेकून पाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिलं तर धुऱ्यावर (बांधावर) उभं राहिलं तरी नाकाला झोंबतं, तो वास म्हणजे तुमचेच पैसे आहेत. लोक म्हणतात नीम कोटेड आहे ना मंग काऊन उडेल. नाही हो, निंबोळीचं कोटिंग अमोनियाचं नायट्रेट होणं हळू करतं, हवेत उडणं थांबवत नाही, ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणून टाकला की लगेच पाणी, आणि पानावर दव किंवा पावसाचं पाणी असताना फेकू नका, दाणे चिकटून पानं करपतात.

आता मुख्य गोष्ट, गवताच्या आत काय होतं. मुळं नत्र ओढतात ते जास्त करून नायट्रेटच्या रूपात. हे नायट्रेट वर पानात जातं, तिथे त्याचं अमोनियम, मग अमिनो ॲसिड आणि शेवटी प्रोटीन होतं. हे बनवायला गवताला स्वतःची साखर खर्च करावी लागते आणि साखर बनते उन्हात. म्हणजे युरिया वाढवला की प्रोटीन वाढतं पण विरघळणारी साखर कमी होते, हे दोन्ही एकाच वेळी होतं आणि कोणत्याही गवतात होतं. तिसरी गोष्ट पाणी. भरपूर नत्र मिळालेलं गवत रसरशीत होतं, त्याचा ड्राय मॅटर, म्हणजे पाणी वगळून उरणारा कोरडा माल, त्याचा टक्का पडतो. रेषा म्हणजे फायबर यात युरियाने फार फरक पडत नाही, ते वाढतं वयाने. कॅरोटीन वाढतं, हा चांगला भाग, गडद हिरवा रंग दिसतो तो नुसता देखावा नाही.

आता हिशोब पाहा, हा मी गोठ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला खडूने भिंतीवर करून दाखवतो. समजा गाईला २५ किलो हिरवा नेपिअर टाकता. बेताच्या खतावरचा, वेळेवर कापलेला, ड्राय मॅटर २० टक्के, प्रोटीन ८ टक्के. म्हणजे ५ किलो कोरडा माल पोटात गेला, त्यात ४०० ग्रॅम प्रोटीन. आता दुसरा चारा, दाबून युरिया टाकलेला, कोवळा, ड्राय मॅटर १६ टक्के, प्रोटीन ११ टक्के. त्याच २५ किलोत कोरडा माल फक्त ४ किलो आणि प्रोटीन ४४० ग्रॅम. टक्का ८ चा ११ झाला म्हणून आपण खूश, पण गाईला मिळालं ४० ग्रॅम जास्त आणि बदल्यात १ किलो कोरडा चारा कमी. ४० ग्रॅम प्रोटीन म्हणजे सरकी ढेप पावशेरसुद्धा नाही! आणि तो गेलेला १ किलो म्हणजे तिची एनर्जी. विळ्याने कापताना पेंढी जड लागते, वजनाला भरते, विकणाऱ्याला परवडते, खाणारीला नाही. हिरवा चारा विकत घेणाऱ्यांनी तर हे नक्कीच पाहावं, कारण तुम्ही किलोवर पैसे देता आणि त्यात पाणी किती ते कोणी सांगत नाही.

लॅबच्या रिपोर्टबद्दल पण बोलतो. रिपोर्टमध्ये "क्रूड प्रोटीन" लिहिलेलं असतं, त्यातला क्रूड हा शब्द आपण वाचतच नाही. ही टेस्ट म्हणजे केल्डाल पद्धत, योहान केल्डाल नावाच्या डेन्मार्कच्या माणसाने १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबमध्ये काढलेली, बिअरच्या धान्यासाठी. यात मोजतात नत्र, आणि प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नत्र असतं असं धरून ६.२५ ने गुणतात. म्हणजे गवतात जे नत्र अजून प्रोटीन झालेलंच नाही, मोकळी अमिनो ॲसिडं, अमाइडं, अमोनियम, तेही गुणून "प्रोटीन" म्हणून छापून येतं. आणि युरिया टाकून थोड्याच दिवसांत कापलेल्या गवतात नेमका हाच अर्धवट माल जास्त असतो. आमच्या बाजूच्या एका गोठेवाल्याने असाच छान रिपोर्ट पाहून ढेप निम्मी केली, दूध खाली आलं, मग सगळा राग युरियावर. युरियाने त्याचं काम केलं होतं, लॅबनेही बरोबर मोजलं होतं, फक्त त्या आकड्याचा अर्थ ढेपेच्या प्रोटीनसारखा लावून चालत नाही.

नायट्रेटबद्दल जरा जास्त लिहितो कारण इथे जनावर जातं. मुळं नत्र ओढतात भराभर, पण वर प्रोटीन बनवायला ऊन आणि साखर पुरली नाही की नायट्रेट तसंच साचतं, खासकरून बुडाच्या दांड्यात. श्रावणात आठ-आठ दिवस आभाळ, त्यात युरिया, हा एक प्रकार. दुसरा प्रकार, पाण्याचा ताण पडून गवत थांबलेलं आणि मग पाऊस येऊन एकदम ओढलेलं. गाईच्या पहिल्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तात जाऊन हिमोग्लोबिनला असं बदलतं की ते ऑक्सिजन वाहू शकत नाही. रक्त चॉकलेटी दिसतं, जनावर धापा टाकतं, तोल जातो, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात. कोरड्या मालात साधारण अर्धा टक्का नायट्रेटपर्यंत निर्धास्त, दीड टक्क्याच्या वर गेलं की जीवावरचं, आणि मधल्या पट्ट्यात गाभण जनावराला धोका जास्त.

याची एक टेस्ट आमच्याकडच्या जनावरांच्या डॉक्टरांनी वावरातच करून दाखवली, ती पाहिल्यापासून मी या विषयाबद्दल एवढा बोलतो. त्यांच्याकडे काळ्या बाटलीत डायफेनिलअमाइन (नायट्रेट असेल तिथे निळं होणारं रसायन) होतं, तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये मिसळलेलं (म्हणून हे घरी करायचं काम नाही, डॉक्टरांनाच करू द्या). नेपिअरचा एक दांडा बुडापासून कापला, मधून उभा चिरला, आणि खालपासून वर एकेक थेंब सोडत गेले. सगळ्यात खालच्या पेऱ्यावर थेंब पडताच पेनातल्या शाईसारखा गडद निळा रंग, मधल्या पेऱ्यावर फिका निळा, वरच्या पेऱ्यावर जवळजवळ काहीच नाही आणि पानाच्या शिरेवर तर काहीच नाही. तो दांडा युरिया टाकून आठवडाही न झालेल्या तासातला (ओळीतला) होता. मग आधीच्या, कापणीला आलेल्या तासातला दांडा चिरला, तिथे बुडालाही नुसती निळसर छटा. एकच वावर, एकच बेणं, एकच थैली. मी तो चिरलेला दांडा हातात धरून पाहत होतो, बाहेरून दोन्हीत काडीचा फरक नव्हता.

म्हणून नियम साधा. कापणी झाली की लगेच युरिया, लगेच पाणी, आणि पुढची कापणी ४५ ते ५० दिवसांनी. तोपर्यंत नायट्रेटचं प्रोटीन होऊन जातं, ड्राय मॅटर सावरतो. कापायचं जमिनीपासून वीतभर वर, त्याने ठोंबही चांगलं फुटतं आणि बुडाचा जास्त नायट्रेटवाला भाग वावरातच राहतो. मधेच पिवळं दिसलं म्हणून मूठभर फेकून चार दिवसांनी कापणं, हे बंद करा. आणि उलट बाजूही आहे, ६०-७० दिवसांवर गेलं तर जेवढं प्रोटीन युरियाने कमावलं तेवढं वयाने घालवलं, दांडा लाकूड होतो, कुट्टी मशीनमधून काढून दिला तरी गव्हाणीत उरतो.

चाऱ्याच्या ज्वारीला हीच थैली टाकत असाल तर जास्त सांभाळा, तिथे नायट्रेट तर आहेच, वरून कोवळ्या ज्वारीत सायनाइडचं विष, ज्याला आपण किरळ लागणं म्हणतो, तेही जास्त नत्राने वाढतं. दोन्हींची औषधं वेगळी आहेत, नायट्रेटला मिथिलीन ब्लू, किरळीला सोडियम थायोसल्फेट, दोन्ही शिरेतून आणि डॉक्टरांच्याच हातून. डॉक्टरांना फोन केला की काय खाल्लं, खत कधी टाकलं होतं ते पहिल्या वाक्यात सांगा, त्यांचा वेळ वाचतो. नागपूरकरांचं एक बरं आहे, सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेज आहे, जनावरांचं शिकवणारी माणसं इथेच आहेत, विचारायला लाजू नका.

दुधावर काय दिसतं? कोवळा युरियाचा चारा जास्त झाला की शेण पातळ होतं, गोमूत्राचा वास गोठ्यात शिरताच डोळ्याला लागतो. कारण पोटात अमोनिया भराभर सुटतो, तो वापरायला जंतूंना साखर पाहिजे, आणि साखर तर याच गवतात कमी. उरलेला अमोनिया लिव्हर युरिया करून लघवीतून आणि थोडा दुधातून बाहेर टाकतं, त्यातही एनर्जी जाते. यावर उपाय महाग नाही, सोबत तुरीचं नाहीतर गव्हाचं कुटार (वाळलेला भुसा) द्या, थोडा मका भरडा द्या. पोट कोरड्या चाऱ्याने सावरतं आणि दाण्याच्या स्टार्चने तो अमोनिया कामाला लागतो. नेपिअरमध्ये ऑक्झलेट मुळातच असतं, ते कॅल्शिअम अडकवतं, म्हणून मिनरल मिक्स्चर रोज, त्यात कंजूसी नको.

मुरघास करणाऱ्यांनी पण हे धरून चालावं. मुरघास म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा, तो आंबतो साखरेवर, आणि युरियाने ती कमी केलेली, वर पाणी जास्त. म्हणजे सडका वास यायची शक्यता वाढली. कापून थोडं सुकू द्या आणि भरताना मळी किंवा गुळाचं पाणी मारा. नीट आंबला तर नायट्रेटही बऱ्यापैकी उतरतं.

दुसरे पर्याय म्हणाल तर नॅनो युरियाची ५०० मिलीची बाटली चाऱ्याला पुरेल का हे मला खूप जण विचारून राहिले. पानावर फवारायला असेल ती चांगली, पण हिशोब करा, जुन्या बाटलीत नत्र ४ टक्के म्हणजे २० ग्रॅम, नवीन २० टक्केवालीत १०० ग्रॅम, आणि आपली अर्धी थैली १० किलो. नेपिअर दर कापणीला वावरातून किलोंनी नत्र उचलून नेतो, ते कुठूनतरी परत द्यावंच लागेल. अमोनियम सल्फेट मला आवडतं, नत्र २० टक्क्यांच्या आसपासच पण सोबत गंधक येतं, आणि गंधक नसेल तर नत्राचं प्रोटीन पूर्ण होत नाही. पण नत्राच्या किलोला महाग पडतं. मी वर्षातून एखाद्या कापणीला तेच टाकतो. शेणखत आणि गोठ्याचं धुतलेलं पाणी तर जातंच, ते मोजून युरिया कमी करा. आणि खरं सांगू, दोन ओळींत बरबटी (चवळी) किंवा धुऱ्यावर दशरथ घास, असा शेंगवर्गीय चारा लावला तर त्याचं प्रोटीन युरियाने आणलेल्या प्रोटीनपेक्षा भरवशाचं आहे. फक्त तिथे युरिया कमी टाका, जास्त नत्राने गवत उंच होऊन कडधान्याला दाबून टाकतं. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला १८५६ पासून एकाच कुरणावर खताचा प्रयोग चालू आहे, पार्क ग्रास म्हणतात, तिथेही नत्र टाकलेल्या तुकड्यांतून शेंगवर्गीय झाडं आणि बाकी जाती कमी होत गेल्या, दोन-चार गवतं तेवढी माजली.

इंटरनेटवरचे युरोप-न्यूझीलंडचे सल्ले मात्र जसेच्या तसे घेऊ नका. त्यांचं राय ग्रास थंड हवामानाचं, चरायला सोडायचं, तिथे नत्र आणि पोटॅश दोन्ही जास्त झाल्यावर मॅग्नेशिअम कमी पडून गाय थरथरून पडते ही मोठी भीती. आपल्याकडे कापून टाकायचा नेपिअर, ४५ डिग्रीचं ऊन, काळी माती. आपली भीती नायट्रेट आणि पाणी.

घेणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट, ड्राय मॅटर घरी काढता येतो. १०० ग्रॅम बारीक कुट्टी वजनकाट्यावर मोजा, मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये पसरा, बाजूला पाण्याचा कप ठेवा म्हणजे पेटणार नाही, थोडं थोडं गरम करून वजन करत राहा. वजन उतरायचं थांबलं की जे ग्रॅम उरले तोच टक्का. १८ च्या खाली आला तर मी त्या दिवशी कुटार वाढवतो. ओव्हन नसेल तर मे महिन्यात नागपूरचं छत पुरतं.

थैली ठेवताना गोठ्यापासून लांब, कुलपात. जनावर खारट म्हणून चाटतं आणि युरिया थेट पोटात गेला तर पोट फुगतं, फेस येतो, फार वेळ मिळत नाही. ज्या बादलीत युरिया कालवला ती पाण्याला वापरू नका, आणि रिकामी थैली गव्हाणीवर झाकायला तर अजिबात नको, हे मी खूप गोठ्यांवर पाहतो.

तर घ्यायची का? ज्याच्याकडे पाणी आहे, कापणीची तारीख पाळायची तयारी आहे, त्याने नक्की घ्यावी, अर्ध्या थैलीच्या हिशोबाने. ज्याचा चारा कमी आणि जनावरं जास्त, जो पंचवीस दिवसांतच विळा लावतो, त्याने आधी नेपिअरचं क्षेत्र वाढवावं, युरियाने त्याचं भागणार नाही. बेणं लागलं तर माझ्याकडे आहे, पोळ्याच्या आधी कापणीला येईल, गाडी घेऊन या आणि दोन डोळ्यांच्या कांड्या घेऊन जा.